नव्या ईव्हीच्या मोटरकडून विचित्र आवाज येतोय? सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी हे करून बघा

ईव्हीच्या आवाजाची तक्रार घेऊन गेलात की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "ईव्हीला असा आवाज असतोच." वैताग म्हणजे बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधीकधी गिअरबॉक्समधलं बेअरिंग खराब झालेलं असतं आणि तेव्हाही उत्तर हेच मिळतं, कारण तुम्ही फक्त "आवाज येतोय" एवढंच सांगितलेलं असतं आणि समोरच्याने गाडी एक छोटी चक्कर मारून आणून ठेवलेली असते. म्हणून जायच्या आधी एक काम आपण आपलं करायचं. आवाज कसा आहे हे नंतर बघू, आधी तो कशाच्या मागे जातो ते शोधायचं. गाडीच्या वेगाच्या मागे जातो, तुमच्या उजव्या पायाच्या मागे जातो, स्टिअरिंगच्या मागे जातो, की कशाच्याच नाही. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

पेट्रोल-डिझेल गाडीतून ईव्हीत आलेल्यांना सुरुवातीला सगळंच ऐकू येतं. टायर, पंप, पंखे, गिअर हे सगळं आधीही वाजतच होतं, फक्त इंजिनच्या आवाजाखाली दबलेलं होतं. आणि ईव्हीत गिअरबॉक्स नसतो असं जे सर्रास म्हणतात ते अर्धवट आहे. गिअर बदलायची भानगड नसते, गिअर असतात. मोटर फार जोरात फिरते, बऱ्याच गाड्यांत १५,००० आरपीएमच्याही वर जाते, चाकाला तेवढं नकोच असतं, म्हणून मधे रिडक्शन गिअर असतो, साधारण ९ ला १ च्या आसपास, गाडीगणिक थोडं कमीजास्त.

थोडा हिशोब करू, पुढे कामाला येईल. टायरचा घेर ढोबळमानाने २ मीटर धरा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते म्हणजे चाक सेकंदाला ८ च्या जरा वर फेरे मारतं. मोटर त्याच्या ९ पट, म्हणजे सेकंदाला ७५ फेरे, म्हणजे ४,५०० आरपीएम. आता मोटरच्या शाफ्टवरच्या (फिरणाऱ्या दांड्यावरच्या) छोट्या गिअरला समजा २५ दात आहेत, तर सेकंदाला १,८७५ वेळा दात दाताला भिडतो. तोच तो बारीक "सूंऽऽ" आवाज. ताशी १०० ला हाच आकडा ३,१०० च्या वर जातो, आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) पट्ट्यात. म्हणजे आवाज नेमका तिथेच येऊन पडतो जिथे तो लपू शकत नाही. गिअरच्या दुसऱ्या, चाकाकडच्या आणि सावकाश फिरणाऱ्या जोडीचा आवाज याच्या खाली, जरा जाडसर "घूं" असा असतो. त्यामुळे थोडी शिट्टी, थोडं घूं हे कुठल्याही ईव्हीत असणार, कंपनीने कितीही फोम भरला तरी.

पण थोडी म्हणजे किती, हा खरा प्रश्न.

टेस्ट ड्राइव्ह, पण डोकं लावून

मोकळा, सपाट, गुळगुळीत रस्ता बघा. पंखा, एसी, गाणी सगळं बंद. काचा आधी बंद आणि मग उघड्या, अशा दोन्ही चकरा मारा. सोबत एक माणूस पाहिजेच, कारण एकट्याने गाडी चालवत कान लावून बसणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. तो मागच्या सीटवर बसला तर अजून चांगलं, आवाज पुढून येतोय की मागून हे दोघांचं पटतंय का तेही कळतं.

पहिलं, हळूहळू वेग वाढवत न्या आणि आवाजाची पट्टी वेगाबरोबर चढते का बघा. चढत असेल तर फिरणाऱ्या कुठल्यातरी भागाचा आवाज आहे. चढत नसेल, एकाच सुरात राहत असेल, तर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, पंखा किंवा इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी करून देणारा भाग). इन्व्हर्टरचा आवाज अगदी कमी वेगात जास्त जाणवतो, मेट्रो स्टेशनातून निघताना सुरुवातीला जो पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा सूर येतो ना, तो तिथेही याच कारणाने येतो. तो खराबी नाही. फक्त सॉफ्टवेअर अपडेटनंतर तो बदलला असेल तर व्हर्जन नंबर लिहून ठेवा, कारण मोटर चालवायची पद्धत अपडेटमध्ये बदलू शकते आणि आवाजही.

दुसरं, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. समजा ताशी ६० वर आवाज येतोय. तर त्याच वेगाच्या आसपास राहून पायाने खेळा. थोडं अ‍ॅक्सिलरेट करा, मग पाय उचला म्हणजे रीजेन लागेल (मोटर उलट वीज बनवत गाडीचा वेग कमी करते), मग डॅशबोर्डवरच्या पॉवर मीटरचा काटा बरोबर शून्यावर राहील इतकाच पाय ठेवा. तिन्ही वेळा वेग जवळपास तोच आहे म्हणजे सूर तोच राहणार, बदलेल तो आवाजाचा जोर. गिअरच्या दातांचा आवाज असेल तर अ‍ॅक्सिलरेशनला मोठा, शून्यावर जवळजवळ गायब आणि रीजेनला परत येतो पण वेगळ्या पोताचा, कारण पुढे ओढताना दाताची एक बाजू घासते आणि रीजेनला दुसरी. फक्त एकाच बाजूला आवाज आहे, म्हणजे अ‍ॅक्सिलरेट करताना एकदम गप्प आणि पाय उचलला की कर्कश, तर ते आवर्जून लिहा, गिअरच्या बसण्यात काही कमीजास्त आहे का हे शोधणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.

तिन्ही वेळा आवाज जसाच्या तसा राहिला, पायाला अजिबात दाद देत नाही, तर गिअरच्या दातांवरचा संशय बराच कमी होतो आणि बेअरिंग किंवा टायरकडे वळायचं.

काही लोक सांगतात की गाडी चालू असताना न्यूट्रल करून बघा. उपयोगी आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, रीजेन जातं म्हणजे गाडी थांबवायला ब्रेक जास्त दाबावा लागेल, तेव्हा रस्ता खरंच रिकामा हवा आणि उतार नको. दोन, बहुतेक ईव्हीत क्लच नसतो, त्यामुळे न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर मोटर फिरतच राहते. म्हणजे न्यूट्रलला आवाज राहिला तर "मोटरचा नाही" असं म्हणता येत नाही, फक्त "लोडचा नाही" एवढंच म्हणता येतं. काही ऑल व्हील ड्राइव्ह गाड्या एका अ‍ॅक्सलची मोटर मधेच सोडवतात आणि गरज पडली की जोडतात, त्यांचा हलका टक् वेगळा. पॉवर मीटर शून्यावर धरणं हा न्यूट्रलपेक्षा सुरक्षित मार्ग आणि माहितीही साधारण तीच मिळते. आणि गाडी चालू असताना पॉवर बटणाशी खेळू नका, हे सांगायला नको पण सांगतोय.

तिसरं, स्टिअरिंग. मध्यम वेगात रिकाम्या रस्त्यावर हळुवार डावीकडे-उजवीकडे नागमोडी न्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा "गुर्रर्र" वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला तर उजव्या बाजूच्या व्हील बेअरिंगवर संशय घ्या. नव्या गाडीत व्हील बेअरिंग कसं जाईल असं वाटतं, पण गाडी कारखान्यातून आणताना किंवा खड्ड्यात बसलेला एक जोराचा दणका पुरतो, आणि ईव्ही वजनाला जड असते. मग एखाद्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. टक-टक-टक-टक असा वेगाबरोबर वाढणारा आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे मोटरचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा (ड्राइव्ह शाफ्टचा) चाकाकडचा सांधा. सरळ जाताना जोरात अ‍ॅक्सिलरेट केलं की गाडी थरथरते आणि पाय उचलला की लगेच थांबते, तर मोटरकडचा आतला जॉइंट. जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडालंय का हे चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून दिसतं, त्यासाठी गाडीखाली शिरायची गरज नाही.

चौथं, रस्ता बदला. गुळगुळीत डांबरावरून खरबरीत काँक्रीटवर गेल्यावर आवाजाची सगळी जातच बदलली तर तो टायर आहे, विषय संपला. नव्या गाडीत टायरचं प्रेशर आधी तपासा, गाड्या वाहतुकीसाठी पाठवताना टायर जास्त फुगवलेले असतात आणि डिलिव्हरीआधी ते कमी करायचं राहून जातं, मग गाडी ठणाठण वाजते. आणि गाडी यार्डात बरेच दिवस एका जागी उभी राहिली असेल तर टायरला सपाट चट्टा पडतो, सुरुवातीला धप-धप-धप येतं आणि टायर गरम झाले की कमी होतं.

हे मोटर-गिअरचं (ड्राइव्हट्रेनचं) नाहीच, यात वेळ घालवू नका

सगळ्यात गंमतशीर म्हणजे लोक गाडीचा मुद्दाम दिलेला आवाज रेकॉर्ड करून मोटर खराब म्हणून पाठवतात. पायी चालणाऱ्यांना गाडी येतेय हे कळावं म्हणून बाहेर स्पीकर लावलेला असतो. युरोपात जुलै २०२१ पासून सगळ्या नव्या ईव्हींना हा सक्तीचा आहे, ताशी २० पर्यंत आणि रिव्हर्सला वाजतो, अमेरिकेत तो साधारण ताशी ३० पर्यंत वाजावा लागतो. ओळखायचं कसं, तर वेग वाढताना ताशी २० ते ३० च्या आसपास आवाज विरून जातो आणि कमी करताना तिथेच परत येतो. पार्किंगमध्ये भिंतीजवळून हळू जाताना तो आपटून आत येतो आणि फार विचित्र ऐकू येतो.

गाडी सुरू किंवा बंद करताना, चार्जर लावताना टक्-टक् होतं ते हाय व्होल्टेजचे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज जोडणारे-तोडणारे स्विच. रात्री गाडी उभी असताना मधेच टक् होऊन पंप गुणगुणायला लागला तर बहुतेक ती स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करतेय. फास्ट चार्जिंगला पंखे आणि कॉम्प्रेसर जीव तोडून ओरडतात, ओरडू द्या. गाडी सुरू करून निघाल्या निघाल्या एकदाच "गुर्र" करून शांत होतं ते एबीएस स्वतःला तपासून बघतं म्हणून. ब्रेक पेडल दाबल्यावर हलका मोटरसारखा आवाज येतो तो इलेक्ट्रिक ब्रेक बूस्टर.

ब्रेकचं थोडं सविस्तर सांगायला हवं कारण गफलत इथे खूप होते. रीजेनमुळे ईव्हीचे ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत, डिस्कवर गंज चढतो, आणि पावसानंतर किंवा धुतल्यानंतर सकाळी निघताना खरखर, चर्र असा आवाज येतो. रीजेन कमीत कमी करून किंवा, तशी सोय नसेल तर, मॅन्युअलमध्ये ब्रेक साफ करायचा मोड आहे का बघून, रिकाम्या रस्त्यावर चार-पाच वेळा नीट दाबून ब्रेक लावा. गेला तर गेला. सतत किर्र असा पत्रा घासल्यासारखा आवाज, वेगाबरोबर जोरात होणारा, तर डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो, थोडं रिव्हर्स घेतलं की कधीकधी आपोआप पडतो. खालचं प्लास्टिक कव्हर एखाद्या क्लिपवर लटकत असेल तर विशिष्ट वेगाच्या वर फडफडतं, ते तर वाकून बघितलं तरी दिसतं.

अजून एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. जहाजातून किंवा ट्रकमधून गाडी आणताना सस्पेन्शन हलू नये म्हणून काही गाड्यांत स्प्रिंगमध्ये ठोकळे घातलेले असतात, ते डिलिव्हरीआधी काढायचे असतात. राहिले तर गाडी दगडासारखी कडक लागते आणि प्रत्येक खड्ड्यात खाडकन आवाज. हे विचारायला लाजू नका.

तो एकटा "टक्"

ड्राइव्हमधून रिव्हर्सला टाकून निघालो की टक्. परत ड्राइव्हला टाकून निघालो की टक्. मग पूर्ण वेळ काही नाही. याची उगमस्थानं चार-पाच आहेत आणि ती वेगळी करता येतात.

ब्रेक पॅड आपल्या जागेत थोडे सैल असतात, दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला ते सरकून टक् करतात. म्हणजे आवाज निघताना नाही तर पहिल्यांदा ब्रेक दाबताना येतो. याचं काही करायची गरज नसते.

निघतानाच, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडल्या क्षणी, चाकाच्या बाजूने कोरडा, स्वच्छ टक् आला तर ड्राइव्ह शाफ्ट आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) जिथे एकमेकांना टेकतात तो भाग बघायला सांगा. ईव्हीची मोटर शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, तिथे दोन धातू किंचित अडकून मग सटकतात आणि तो टक् होतो. उपाय साधा असतो, नट सोडवून त्या जागेला योग्य ती पेस्ट किंवा वॉशर लावून, सहसा नवा नट घालून, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला घट्ट करायचा. घरी करायचं काम नाही, तो नट फार मोठ्या टॉर्कला घट्ट केलेला असतो आणि कमी पडला तर भलतंच होईल.

आवाज मऊ, जड "धप्प" असेल आणि सीटमधून जाणवत असेल तर मोटर धरून ठेवणारे माउंट किंवा सबफ्रेमचे (खालच्या चौकटीचे) बोल्ट. आणि चालताना पाय उचलून परत दाबला की प्रत्येक वेळी हलका "ठक" येतो तो गिअरच्या दातांमधल्या फटीचा, दात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतो. सॉफ्टवेअर हा बदल हळुवार करून तो दाबतं, त्यामुळे थोडा असेल तर चालतं, पण स्पोर्ट मोडमध्ये वाढतो आणि इकोमध्ये जवळपास जातो का हे बघून ठेवा. नुकतीच टायरची अदलाबदल किंवा पंक्चर काढून झालं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी व्हील नट तपासा, गाडी पुढे चालवायच्या आधी.

मोटरच्या आतलं बेअरिंग

याची भीती सगळ्यांना असते म्हणून दोन शब्द. इन्व्हर्टर करंट फार वेगाने चालू-बंद करतो, त्यातून मोटरच्या शाफ्टवर थोडं व्होल्टेज तयार होतं आणि ते मोटरच्या बाहेरच्या कवचात जायला रस्ता शोधतं. नीट रस्ता दिलेला नसेल तर ते बेअरिंगमधून ठिणग्या मारत जातं, गोळ्यांच्या वाटेवर बारीक पट्टे पडतात आणि मग आवाज सुरू होतो. यासाठीच बऱ्याच मोटरमध्ये शाफ्टला अर्थिंगचा ब्रश किंवा रिंग असते, काहींत सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग. आवाज कसा असतो, तर सुरुवातीला कोरडी "घर्रर्र", वेगाबरोबर सूर चढतो पण पाय उचलला तरी तेवढाच राहतो, आणि स्टिअरिंगलाही दाद देत नाही. आणि तो वाढत जातो. हाच मुख्य फरक, गिअरची जन्मजात शिट्टी पहिल्या दिवसापासून तेवढीच असते, बेअरिंग मात्र महिन्या-दोन महिन्यांत आपलं रूप दाखवतं. म्हणून पहिल्या आठवड्यातलं एक रेकॉर्डिंग आवाज नसतानाही करून ठेवा, पुढे तेच तुमचा पुरावा होतं.

रेकॉर्डिंग

नुसता फोन डॅशबोर्डवर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा निरुपयोगी असतं. फोन स्वतःच आवाज कमीजास्त करतो, सतत येणारा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतो, आणि मग सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला काहीच ऐकू येत नाही. असा व्हॉइस रेकॉर्डर वापरा ज्यात नॉइज रिडक्शन बंद करता येतं. सोबत्याने दुसऱ्या फोनवर स्पीडोमीटर आणि पॉवर मीटर दिसेल असा व्हिडिओ काढायचा, आणि बोलत राहायचं, "आता साठ, पाय उचलला, आता परत दाबला." फोन दर वेळी त्याच जागी ठेवा, नाहीतर दोन रेकॉर्डिंगची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला आवाज किती मोठा आहे याचा आलेख, दाखवणारं फुकट अ‍ॅप मिळतं, ते घ्या. ताशी ४० ला उंच रेघ कुठे दिसते आणि ताशी ८० ला कुठे दिसते एवढंच बघा. बरोबर दुप्पट झाली तर फिरणारा भाग. तिथेच राहिली तर पंप वगैरे. आणि मघाचा हिशोब इथे लावा, रेघ जिथे आहे तो आकडा चाकाच्या सेकंदाच्या फेऱ्यांनी भागा, ताशी ६० ला ८.३ ने. उत्तर १ च्या आसपास आलं तर चाक, टायर किंवा ड्राइव्ह शाफ्ट. ८-९ च्या आसपास आलं तर मोटर स्वतः. शंभर-दोनशेच्या घरात आलं तर गिअरचे दात. अगदी अचूक नाही पण हा कागद दाखवला की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो हे नक्की. कंपनीचे इंजिनिअर स्वतः हेच करतात, फक्त महागड्या मशीनने.

सोबत बाकीचं लिहून ठेवा. बॅटरी किती टक्के होती, बाहेर गार होतं की गरम, गाडी नुकतीच काढली होती की अर्धा तास चालली होती, मोड कुठला, रीजेन किती, माणसं किती. गार असताना येतो आणि नंतर जातो असा आवाज असेल तर गाडी आदल्या रात्री सर्व्हिस सेंटरला ठेवावी लागेल, सकाळी चालवत नेली तर तिथे पोचेपर्यंत आवाज गेलेला असणार आणि जॉब कार्डवर "आवाज आढळला नाही" लिहून गाडी परत.

सर्व्हिस सेंटरमध्ये

जॉब कार्डवर "नॉइज" एवढं लिहू देऊ नका. "ताशी ५५ ते ७०, हलकं अ‍ॅक्सिलरेट करताना, मागून, बारीक शिट्टी, पाय उचलला की जाते, रोज येते" असं लिहून घ्या, त्यांच्या शब्दात नाही, तुमच्या. आणि टेक्निशियनला सोबत घेऊनच चक्कर मारा, अ‍ॅडव्हायझरला नव्हे. जो हात लावणार आहे त्यानेच ऐकलं पाहिजे. पहिल्यांदा तुम्ही चालवा म्हणजे आवाज हमखास काढून दाखवता येईल, मग त्याला चालवू द्या.

"नॉर्मल आहे" म्हणाले तर भांडू नका, तेच मॉडेल, तोच व्हेरियंट, दुसरी गाडी मागा. डेमो गाडी असतेच. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, तोच फोन त्याच जागी. दोन्ही सारख्या वाजल्या तर मन मोकळं करून घ्या आणि त्या आवाजाकडे कान लावून बसू नका, कारण एकदा कानाने आवाज पकडला की तो सोडत नाही. तुमचीच वेगळी वाजली तर आता त्यांच्याकडे "नॉर्मल" म्हणायला जागा नाही. तरी म्हणाले तर तेवढं जॉब कार्डवर लिहून द्या म्हणा, आणि प्रत्येक भेटीचं कार्ड जपून ठेवा, एकाच आवाजासाठी किती वेळा गाडी आली हे पुढे वॉरंटीत फार महत्त्वाचं ठरतं.

विचारायच्या गोष्टी: या मॉडेलसाठी आवाजाबद्दल कंपनीचं काही सर्व्हिस बुलेटिन (सर्व्हिस सेंटरना पाठवलेली दुरुस्तीची सूचना) आलंय का. रिडक्शन गिअरचं ऑइल लेव्हलला आहे का, नव्या गाडीतही कमी भरलेलं सापडू शकतं. ऑइल काढलं तर ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय आहे ते दाखवा, राखाडी मऊ चिखल असेल तर ठीक, चकचकीत कण किंवा टवके असतील तर नाही. तुमच्याकडे चॅसिस इअर आहे का, म्हणजे क्लिपने लावायचे छोटे माइक, ते मोटर, गिअर, दोन्ही हब अशा ठिकाणी लावून गाडी चालवली की आवाज सगळ्यात मोठा कुठे हे मिनिटात कळतं, अंदाजपंचे पार्ट बदलत बसावं लागत नाही.

मोटर आणि गिअर मिळून बऱ्याच गाड्यांत एकच युनिट असतं आणि कंपन्या ते सहसा उघडत नाहीत, अख्खं बदलतात. मोठं काम वाटलं तरी घाबरायचं कारण नाही, वॉरंटीत बसतं. आवाजासाठी युनिट बदलणं नवं नाहीये, टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एसमध्ये अशा तक्रारी बऱ्याच आल्या होत्या, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीने ८५ किलोवॅट-अवरच्या गाड्यांसाठी ड्राइव्ह युनिटची वॉरंटी ८ वर्षं आणि अंतराची मर्यादा नाही अशी केली, आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू. पण तुमच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते स्वतः वाचा, बॅटरीची ८ वर्षं ठळक छापलेली असतात, मोटर आणि गिअरचं पान वेगळं असतं आणि वर्षं कमी असू शकतात. व्हील बेअरिंग आणि सीव्ही जॉइंट तर बऱ्याचदा साध्या वॉरंटीत मोडतात.

यादरम्यान काय करायचं नाही: आवाज दाबायला डॅम्पिंग शीट चिकटवू नका, निदानच अवघड होतं. बाहेरच्या गॅरेजात खालचं कव्हर उघडायला लावू नका. नारिंगी केबल दिसली की हात मागे, ४०० किंवा ८०० व्होल्टचा मामला आहे.

हे झालं तर गाडी बाजूला घ्या

धातूवर धातू घासल्याचा आवाज जो ब्रेक सोडूनही जात नाही, आवाजाबरोबर स्टिअरिंग किंवा सीटमध्ये थरथर जी रोज वाढतेय, मोठा धाडकन आवाज होऊन मग गाडी जोर देत नाही, पॉवर कमी केल्याचा दिवा, जळका वास, गाडीखाली तेलाचा किंवा कूलंटचा डाग. यातलं काहीही असेल तर रेकॉर्डिंग वगैरे विसरा, थांबा आणि टो करून घ्या. टो करणाऱ्याला ईव्ही आहे हे आधी सांगा आणि फ्लॅटबेड मागवा, कारण मोटर जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढली की मोटर फिरते आणि वीज तयार करते, त्याने इन्व्हर्टरला इजा होऊ शकते.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घ्यायच्या आधी तीच चक्कर, त्याच रस्त्यावर, तोच फोन. युनिट बदलायला सबफ्रेम खाली उतरवली असेल तर व्हील अलाइनमेंट केली का विचारा, स्टिअरिंग सरळ आहे ना ते सरळ रस्त्यावर बघा. कूलंट नव्याने भरलेलं असतं, आत हवा राहिली असेल तर पहिले एक-दोन दिवस डॅशबोर्डमागून गुळगुळ ऐकू येईल, तेवढ्याला काही नाही, पण टाकीतली लेव्हल गार गाडीवर बघत राहा आणि उतरली तर लगेच कळवा.